रीफ टँकमधलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी : खानदेशी उन्हाळ्यात या चुका टाळा

मे महिन्यात जळगावात रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, काचेवर पातळीची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. माझी टाकी २०० लिटरची, वर थंडाव्यासाठी छोटा पंखा. दिवसाला चार लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ, कॅल्शियम, बायकार्बोनेट सगळं खालीच राहतं. आजवर मी जे घोळ घातले, त्यांतले निम्म्याहून जास्त या चार लिटरपाशी सुरू झाले. डोसच्या (टाकीत घालायच्या द्रावणांच्या) बाटल्यांचा दोष त्या मानानं कमी.

आकडे आधी सांगून टाकतो. समुद्राचा खारेपणा ३५ पीपीटी (हजारात इतके भाग), कॅल्शियम साधारण ४१० ते ४२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट-कार्बोनेट, ७ डीकेएच (ती मोजायचं एकक). टाकीत कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी ७ ते ९ मध्ये कुठंही चालते. फक्त ती एका जागी टिकली पाहिजे. आज साडेसात, परवा नऊ, असं नको.

बोअरचं पाणी ‘कॅल्शियमवालं’ म्हणून ओतणं

ही चूक मी मोठ्या हुशारीनं केली. आपल्याकडच्या बोअरला क्षार भरपूर, बादलीच्या तळाला पांढरा थर बसतो. म्हटलं, प्रवाळाला कॅल्शियमच हवंय ना, मग आरओवर पैसे कशाला घालवा? नंतर टाकीचं पाणी तपासायच्या थेंबांच्या किटनं बोअरचं पाणी तपासलं तर १६ डीकेएच निघालं. आता हिशेब करा. २०० लिटरमध्ये रोज चार लिटर म्हणजे २ टक्के. १६ चे २ टक्के म्हणजे रोज ०.३२ डीकेएच. महिन्याला जवळपास १० डीकेएच नुसत्या भरणीतून!

प्रत्यक्षात दहा वाढत नाही. माझी अल्कलिनिटी ८ वरून ११ वर गेली आणि मग खाली यायला लागली. मी खूश. पण ती कुणी खाल्ली नव्हती, ती हीटरवर आणि पंपाच्या पात्यावर दगड होऊन बसत होती आणि जाताना कॅल्शियमलाही सोबत नेत होती. ठिबकवाल्यांना हे समजवावं लागत नाही. ड्रिपरची भोकं क्षारानं बुजली की ते नळ्यांतून ॲसिड सोडतात. तोच क्षार, तेच रसायन.

मग घरच्या प्युरिफायरचं पाणी घ्यावं का? बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर ५०-१०० दाखवतो. प्यायला उत्तम, टाकीला नाही. आरओच्या पुढं डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषणारे दाणे, हवं आणि मीटरवर शून्य हवा. बोअरबरोबर येणारं नायट्रेट आणि सिलिकेट हा वेगळा ताप आहेच. काचेवरचा तपकिरी लेप त्याची साक्ष देतो. उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी भरणारेही भेटतात. त्यांची टाकी पावसाळ्यापर्यंत लोणच्याची बरणी होते.

खारेपणा न मोजता किट उघडणं

एकदा लग्नाला धुळ्याला गेलो, तीन दिवस टाकी तशीच राहिली. बारा लिटर कमी. आल्या आल्या किट काढलं : कॅल्शियम ४४७, अल्कलिनिटी साडेआठ. म्हटलं डोस जास्त होतोय, बंद केला. वास्तविक टाकीत १८८ लिटर उरलं होतं आणि खारेपणा ३७ च्या पुढं गेला होता. पाणी खुणेपर्यंत भरलं असतं तर तेच आकडे ४२० आणि ८ आले असते. म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं. बिघडवलं मी, डोस बंद करून. पाणी खुणेवर आणा, तासभर फिरू द्या, रिफ्रॅक्टोमीटरवर खारेपणा बघा आणि मगच किटचे थेंब मोजा. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा नको आणि वेळ रोजची तीच ठेवा.

दोन्ही डोस एकाच जागी, एकाच वेळी

कॅल्शियम क्लोराइड ओतलं आणि त्याच हातानं सोड्याचं द्रावण. दोन्ही धारा जिथं भेटल्या तिथं ताकासारखा पांढरा ढग उठला. आई मागून बघत होती. म्हणाली, “दगडले दूध पाजी राह्यना का रे?” दूध नव्हतं, कॅल्शियम कार्बोनेट होतं. दोन्ही बाटल्यांचे पैसे वाळूत गेले. केळीवाला कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटचं खत एका टाकीत कधी कालवत नाही. तेच इथं. अर्धा तास अंतर ठेवा आणि जिथं प्रवाह जोरात आहे तिथं सावकाश सोडा.

टाकी खात नाही, तरी भरवणं

आधी एक कायद्याची गोष्ट. दगडी प्रवाळ, म्हणजे हार्ड कोरल, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. दुकानदार काहीही म्हणो, त्या वाटेला जाऊ नका. माझ्या टाकीत झोअँथस आणि मशरूम (दोन्ही दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ), खडकांवर गुलाबी कोरलाइन शेवाळ आणि गोगलगायी आहेत. एवढ्यांना कॅल्शियम लागतं, पण जेमतेम. व्हिडिओतला माणूस मात्र हार्ड कोरलनं भरलेल्या टाकीचा डोस सांगत असतो.

तुमची टाकी किती खाते ते तिलाच विचारा. तीन दिवस डोस बंद ठेवा, आधी आणि नंतर अल्कलिनिटी मोजा. ८.० ची ७.४ झाली तर खप रोजचा ०.२. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, तर २०० लिटरला ०.२ साठी १.२ ग्रॅम. चमचाभरही नाही. अल्कलिनिटी २.८ नं उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएमनं उतरतं. म्हणून कॅल्शियमचं किट रोज उघडण्यात अर्थ नाही. एवढा बारीक फरक त्यात दिसतच नाही. नजर अल्कलिनिटीवर ठेवा, कॅल्शियम पंधरवड्यानं बघा.

सोडा म्हणजे खायचा सोडाच. पापडखार नको, बेकिंग पावडर नको. तंबाखूचा चुना मूळचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हे खरं. टाकीत सोडायची चुन्याची निवळी, म्हणजे कालकवासर, हीही त्याचीच करतात. पण पुडीतल्या चुन्यात आणखी काय काय असतं कुणास ठाऊक, तो खिशातच बरा.

मॅग्नेशियम विसरणं

डोस बरोबर, पाणी बरोबर, तरी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही टिकत नसतील तर मॅग्नेशियम मोजा. कॅल्शियम कार्बोनेटचे कण वाढू न देण्याचं काम तेच करतं. ते ११०० वर आलं असेल तर आधी ते सावरा, बाकीच्या बाटल्या नंतर.

एका दिवसात दुरुस्ती

अल्कलिनिटी साडेसहा दिसली की घाबरून एका रात्रीत नऊवर न्यायची नाही. दिवसाला १ डीकेएचच्या पुढं कधीच नको, अर्ध्यावर भागत असेल तर आणखी चांगलं. मिठाची पिशवी बदलतानाही जपा. काही मिठांचं पाणी ७ ला बसतं, काहींचं ११ च्या वर, आणि मोठा पाणीबदल केला की तोच झटका बसतो. नवं पाणी आधी तपासा. मीठ गच्चीवरच्या तापलेल्या टाकीच्या पाण्यात कालवू नका, ड्रमच्या भिंतीवर पांढरी साय धरते.

थर बसलाच असेल तर हीटर बंद करून थंड होऊ द्या, मग पंप आणि हीटर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा. बुडबुडे यायला लागले की समजा, तुमचं हरवलेलं कॅल्शियम तिथं होतं. बुडबुडे थांबले की जुन्या टूथब्रशनं घासा, साध्या पाण्यात दोनदा धुवा आणि हीटर पाण्यात पूर्ण बुडाल्यावरच बटण दाबा.