सरासरी काढताना मोठी बेरीज टाळा

सरासरीच्या गणितात मुलं बहुतेकदा लांबलचक बेरजेत चुकतात. ती बेरीज करूच नका.

समजा, डोंबिवलीहून दादरला फास्ट लोकलने पाच दिवसांत लागलेली मिनिटं: ४८, ५२, ४७, ५५, ५३.

१. मधली सोयीची संख्या धरा, ५०.
२. प्रत्येकाचा ५० पासूनचा फरक चिन्हासकट लिहा: −२, +२, −३, +५, +३. उलट चिन्हांचे सारखे फरक आधी खोडा, इथे −२ नि +२, −३ नि +३.
३. उरले +५. भागिले ५, म्हणजे १.
४. ५० + १ = ५१ मिनिटं.

दहावीची गृहीतमध्य पद्धत ती हीच, पण सातवीतल्या मुलालाही सहज जमते.

मात्र खोडलेले किंवा ० आलेले फरकही भागताना मोजायचेच. इथे भाजक ५ च, १ नाही.