गॅमा किरणांनी भाताचा वाण सुधारताना या चुका टाळा

इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या खाचरांत आंबेमोहोरासारखे उंच, सुवासिक वाण ऐन कापणीला परतीच्या पावसात आडवे पडतात. वास तसाच ठेवून काडी तेवढी बुटकी आणि टणक करायची असेल, तर उत्परिवर्तन, म्हणजे किरणांनी बियाण्याच्या जनुकांत बदल घडवणे, हा चांगला मार्ग आहे. छत्तीसगडच्या उंच, सुवासिक दुबराजाचा बुटका वाण भाभा अणुसंशोधन केंद्र आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाने असाच काढला. कॅलिफोर्नियाचा कॅलरोझ-७६ हाही गॅमा किरणांनीच बुटका झाला. किरण दिलेले बी किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे ते हाताळायला घाबरू नका.

सर्वांत महागात पडते ती पहिल्याच पिढीत, म्हणजे किरण दिलेल्या बियाण्याच्या रोपांतच, निवड करण्याची घाई. रोप खुजे दिसले की लोक त्याला खूणचिठ्ठी बांधतात. पण ते खुजेपण बहुतेक वेळा किरणांच्या इजेचे असते, पुढच्या पिढीत उतरत नाही. हवा असलेला बुटकेपणा बहुधा अप्रभावी जनुकाचा (दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच गुण दाखवणाऱ्या) असतो, तो दुसऱ्या पिढीतच दिसतो. शिवाय दाण्यातल्या गर्भात अनेक पेशी असतात आणि प्रत्येकीत वेगळा बदल होतो, म्हणून एकाच रोपाच्या दोन लोंब्यांत वेगवेगळे बदल असू शकतात. पहिल्या पिढीत एका जागी एकच रोप लावा, आवणी दाट करा म्हणजे उशिराचे फुटवे कमी येतील. मुख्य आणि पहिल्या फुटव्यांच्या लोंब्या काढा, प्रत्येक लोंबी वेगळ्या पाकिटात ठेवा. दुसऱ्या पिढीत एका लोंबीची एक ओळ. सगळे बी एकत्र झोडपले, तर कोणता बदल कुठून आला ते कधीच कळणार नाही.

किरणांची मात्रा ऐकीव आकड्यावर ठरवू नका. भाताच्या बियाण्याला साधारण १५० ते ३५० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) देतात, पण प्रत्येक वाणाची सहनशक्ती निराळी. थोड्या बियाण्यावर चढत्या मात्रा देऊन दोन आठवड्यांनी रोपांची उंची मोजा. किरण न दिलेल्या रोपांपेक्षा उंची तीस ते पन्नास टक्के घटते, तो टप्पा धरा. बियाण्याची ओल १२ ते १४ टक्के हवी. फार सुकलेल्या बियाण्याला त्याच मात्रेत जास्त इजा होते.

पळींज (पोचट दाणे) खूप झाले तर मात्रा जास्त झाली, हे उघड आहे. त्यात आणखी एक धोका लपलेला असतो. भात स्वपरागी असले तरी पहिल्या पिढीतल्या वांझ फुलोऱ्यात शेजारचे पराग सहज शिरतात. बांधापलीकडे इंद्रायणी त्याच वेळी फुलत असेल, तर पुढे ‘नवे’ दिसणारे झाड संकराचे निघू शकते. ओळखायची खूण अशी: उंची, दाण्याचा आकार, पक्वतेचे दिवस, दाण्याच्या टोकाचा रंग हे सगळे एकदम बदलले, तर संकर किंवा भेसळ समजा. खरे उत्परिवर्तित झाड बाकी बाबतीत मूळ वाणासारखेच दिसते. म्हणूनच सुरुवातीचे बी शुद्ध हवे, आणि दर पिढीत मूळ वाणाची ओळ शेजारी लावलीच पाहिजे.

दुसऱ्या पिढीत शे-दोनशे रोपांत काही सापडले नाही म्हणून प्रयोग सोडणे हाही घाईचाच प्रकार आहे. हजारो रोपे लावावी लागतात. सापडलेले बुटके झाड तिसऱ्या पिढीत ओळीने एकसारखे उतरते का ते पाहा. मग वास, शिजल्यावरचा भात, करप्याला प्रतिकार तपासा. नको असलेला बदल सोबत आला असेल, तर मूळ वाणाशी पुन्हा संकर करून तो बाजूला काढा.