एफवायबीएच्या मराठीच्या वर्गात पहिलं सेमिस्टर कसं शिकवायचं

नुकतीच सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासाच्या पैशांवर) नेमणूक झालीये, वाट्याला एफवायबीएचं, म्हणजे बीएच्या पहिल्या वर्षाचं, मराठी आलंय आणि पट शंभराच्या आसपास आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या नादात आपण समीक्षेचे सिद्धांत तोंडपाठ करतो पण अठरा वर्षांच्या पोरांसमोर कविता उघडायची कशी, आणि त्यांच्याकडून स्वतःची चार वाक्यं लिहून घ्यायची कशी, हे कुणी सांगतच नाही. माझं म्हणणं असं की पहिल्या सेमिस्टरला एकच काम धरायचं, पोरं समोरचा मजकूर बघून स्वतःच्या शब्दांत लिहायला लागली पाहिजेत. वाङ्मयप्रकार, कालखंड, लेखक परिचय हे सगळं त्याच्या मागून आलं तरी चालतं.

आधी तासांचा हिशोब करा. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे कागदावर ३० तास, त्यातून उशिरा चालणारी ॲडमिशनं, गणपती, युवा महोत्सव, दिवाळीच्या आधीच्या परीक्षा वजा करा आणि जे उरतील तेवढ्यांचंच नियोजन करा. सिलॅबसमधल्या सगळ्या कविता सारख्या वेळात बसवायला गेलं की एकही नीट होत नाही. तीन-चार रचना मनापासून घ्या, बाकीच्या पोरांनी घरून वाचून यायच्या आणि वर्गात अडलेलं तेवढं विचारायचं.

पहिल्या तासाला नोट्स देऊ नका. हे कठीण जातं कारण वर्गच म्हणतो, मॅडम लिहून द्या ना. बारावीपर्यंत गाईडवर आलेली पोरं असतात, त्यांचा दोष नाही, त्यांना मार्क तसेच मिळालेत. त्याऐवजी कोरा कागद द्या आणि दहा मिनिटं लिहायला सांगा, आज घरून कॉलेजला येताना रस्त्यात दिसलेली एक गोष्ट. मार्क नाहीत, लाल पेन नाही, मोठ्यानं वाचून दाखवणार नाही, हे तीनही आधीच सांगा आणि पाळा. या कागदांवरून कळतं की कोण सरळ लिहितंय, कोण इंग्लिश मीडियमचं असल्यामुळे जोडाक्षरांत अडकतंय, कोण एकच वाक्य लिहून थांबलंय. ज्याला लिहिताच येत नाहीये त्याला म्हणा, मोबाईलवर बोलून रेकॉर्ड कर आणि मग ते ऐकत ऐकत कागदावर उतरव. बरीच पोरं बोलताना मस्त सांगतात, पेन धरलं की निबंधाची भाषा सुरू होते.

आता कविता. मी सुरुवातीला बालकवींची 'औदुंबर' घेते, आठच ओळींची आहे, फळ्यावर पूर्ण मावते, झेरॉक्सचे पैसे कुणाकडे मागावे लागत नाहीत. स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहा, दोनदा मोठ्यानं वाचा, दुसऱ्यांदा सावकाश. मग वहीत दोन रकाने करायला सांगा, एकात 'दिसलं', दुसऱ्यात 'वाटलं'. पहिली दहा मिनिटं फक्त 'दिसलं' भरायचं. इथे तुम्ही गप्प राहायचं, हे सगळ्यात अवघड आहे, शांतता सहन होत नाही म्हणून आपण अर्थ सांगून टाकतो आणि एकदा सांगितला की वर्ग लिहून घेतो आणि विषय संपला. थोडं थांबलात की कुणीतरी म्हणतं, मॅडम यात हिरवा रंग खूपदा आलाय. मग दुसरं म्हणतं, पायवाट पांढरी आहे आणि डोह काळा. मग विचारा, नजर कुठून कुठे जातेय? झऱ्यावरून पलीकडच्या टेकडीकडच्या चार घरांकडे, तिथून शेतमळे, मग पायवाट, आणि ती पायवाट कुठे जाते तर त्या काळ्या डोहाकडे. एखादी मुलगी शेवटी विचारते, घरं आहेत, वाट आहे, मग माणूस कुठेय? पाय पाण्यात टाकून बसलंय ते झाड. हे पोरांनी स्वतः शोधलेलं असतं त्यामुळे 'वाटलं'च्या रकान्यात मग भीती, एकटेपणा, निवांतपणा असं काय काय येतं आणि प्रत्येक जण कुठल्यातरी ओळीवर बोट ठेवून सांगू शकतो.

बोट ठेवता येणं हाच नियम करा. ओळ दाखवता आली तर अर्थ चालेल, तुमच्या अर्थापेक्षा वेगळा असला तरी चालेल. ओळ दाखवता आली नाही तर परत वाच. 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य सेमिस्टरभर बंद, असं मी पहिल्याच आठवड्यात जाहीर करते.

कवीचं चरित्र मात्र नंतर सांगा. बालकवी १९१८ मध्ये तरुणपणीच रेल्वेखाली गेले, हे आधी सांगितलं की अख्ख्या वर्गाला काळ्या डोहात फक्त मृत्यू दिसतो आणि बाकी कुणाला काही दिसतच नाही. कविता वाचून झाल्यावर सांगितलं तर पोरं परत कवितेकडे जातात आणि आपलं वाचन तपासतात, काही जण बदलतात, काही नाही. तारखा आणि माहिती पडताळायला मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, मुलांनाही तिथे जायची सवय लावा.

बोलीचा प्रश्न लवकर घ्या, टाळू नका. वर्गात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारी पोरं असतात आणि बरीच फक्त 'शुद्ध' येत नाही म्हणून गप्प बसलेली असतात. इथे बहिणाबाई चौधरी फार उपयोगी पडतात. त्या स्वतः लिहू-वाचू शकत नव्हत्या, १९५१ ला गेल्या, आणि मुलानं, सोपानदेवांनी, जपलेल्या त्यांच्या कविता १९५२ ला पुस्तकात आल्या, त्याही खानदेशातल्या त्यांच्या बोलीत. वर्गात खानदेशातलं कुणी असेल आणि तयार असेल तर त्याला वाचू द्या, उच्चार त्याचा बरोबर असेल, तुमचा नाही. मग सगळ्यांना घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं लिहून आणायला सांगा आणि त्याखाली तीच गोष्ट तहसीलदाराच्या अर्जात कशी लिहाल तेही. प्रमाण भाषा कुठे लागते हे त्यातून आपोआप समजतं आणि घरची भाषा कमी ठरत नाही.

दलित आत्मकथन शिकवताना एक गोष्ट कळकळीनं सांगते, आडनाव बघून कुठल्याही मुलाकडे वळू नका. 'तू सांग तुझा अनुभव' हे भर वर्गात विचारणं क्रूर आहे. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. तुम्ही लेखनाकडे बघा. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दया पवार दगडू मारुती पवारला भेटतात, म्हणजे लेखक स्वतःलाच दुसरा माणूस करून त्याच्याकडून गोष्ट ऐकतो. असं का केलं असेल? एकाच माणसाला दोन का व्हावं लागलं? या प्रश्नावर अख्खा तास जातो, त्यात सगळा वर्ग सारखाच सामील होतो आणि जातीवर बोलणंही होतं, पुस्तकाला धरून होतं.

लिहिलेलं तपासायचं कसं हा खरा घोर. सीएचबीला पैसे तासाचे मिळतात, वह्या तपासायचे नाहीत, आणि शंभर वह्या दर आठवड्याला कुणालाच झेपणार नाहीत. वर्गाचे चार गट करा, दर आठवड्याला एकाच गटाचं लिखाण घ्या, एका पानापेक्षा जास्त नको. पहिल्यांदा पेन न घेता वाचा. मग समासात एक प्रश्न लिहा, 'हे कुठल्या ओळीवरून म्हणतोस?' किंवा 'आजी हे कधी म्हणाली?' छान, उत्तम, सुधारणा हवी, असल्या शेऱ्यांनी काही हलत नाही. प्रश्न आला की पोरगं पुढच्या खेपेला त्याचं उत्तर लिहून आणतं.

शुद्धलेखन हळूहळू घ्या. साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, ते एका तासात फळ्यावर उतरवले तर कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. महिन्याला दोन पुरेत. पहिल्या महिन्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (पाटी, जादू, अपवाद आणि, नि) आणि अनेकवचनाचा अनुस्वार (मुलांना, लोकांनी). त्या महिन्यात लाल खूण फक्त या दोन चुकांना, बाकीच्या दिसल्या तरी सोडा. पान लालभडक झालं की पोरगं पुढच्या वेळी तीनच ओळी लिहितं कारण तीन ओळींत चुका कमी होतात.

चॅटजीपीटीचं काय, हे सगळेच विचारतात. पकडापकडीत वेळ घालवू नका. महत्त्वाचं लिखाण वर्गातच करून घ्या. आणि एकदा तसलं एक उत्तर मुद्दाम काढून वर्गाला द्या, 'मानवी भावभावनांचे विविध पैलू' वगैरे असलेलं, आणि बोट ठेवायचा नियम त्यालाच लावायला सांगा. कुठल्या वाक्याला कवितेत आधार आहे, कुठलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला चिकटवता येईल. वर्ग ते तुकडे फार आवडीनं करतो, आणि नंतर एकमेकांच्या उत्तरांत पण तसली वाक्यं शोधायला लागतो.

परीक्षेची तयारी शेवटच्या दोन-तीन तासांत घ्या, घ्याच, पोरांना मार्क लागतात आणि त्यात गैर काही नाही. मोठं उत्तर कसं बांधायचं ते फळ्यावर एकदा करून दाखवा, पहिल्या वाक्यात आपलं म्हणणं, मग ज्यावरून म्हणतोय ती ओळ, मग त्या ओळीतलं काय दिसलं, मग दुसरी ओळ. कवी परिचय दोन वाक्यांत उरकायचा. त्यांच्या वहीतले 'दिसलं-वाटलं' रकाने समोर ठेवून त्यातूनच उत्तर लिहायला लावा, घड्याळ लावून. अंतर्गत गुणांची विभागणी विद्यापीठागणिक वेगळी असते तेव्हा आपल्या विभागप्रमुखांना जुलैतच विचारून घ्या की वर्गातल्या लिखाणाला त्यातले किती देता येतील, आणि तो आकडा पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगा, कारण सेमिस्टर संपताना सांगितलं तर वह्या कुणी ठेवलेल्याच नसतात.