रोममध्ये एकच दिवस असेल तर
कोलोसियमचं तिकीट घरूनच ऑनलाईन बुक करून ठेवा, त्यावर टाईम स्लॉट असतो आणि त्याच तिकिटात रोमन फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) पण बघता येतं, ते अजिबात सोडू नका. दुपारनंतर पँथिऑन (प्राचीन घुमटाचं मंदिर), ट्रेव्ही फाऊंटन, पियाझ्झा नवोना हा चौक सगळं चालतच करा, जवळजवळ आहे, टॅक्सीची गरजच नाही. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका हो, रस्त्यावर जागोजागी लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात त्यांना, पाणी चोवीस तास वाहतं, मस्त गार आणि पिण्याचं, नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, थेट तोंड लावून प्या. व्हॅटिकनच्या चर्चमध्ये जाणार असाल तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी सोबत ठेवा.