जाम झालेली सायकल सोडवायची तर तेल कुठलं घ्यायचं

बाबांची २२ इंची अ‍ॅटलास सायकल चिपळूणच्या घरी पडवीत चार पावसाळे नुसती उभी होती. मागच्या दिवाळीत म्हटलं चला हिला रस्त्यावर आणू, तर सीटची दांडी हलेना, डावं पेडल निघेना आणि कॉटर पिनांचं (क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, एक्सलला अडकवून ठेवणाऱ्या खिळी) तर बघायलाच नको. मी काय केलं, सगळीकडे स्प्रे मारला, आत जाऊन चहा प्यायले आणि आले ती थेट पान्यावर लोंबकळले. पाना सटकला, बोटांची सालटी निघाली, आणि नंतर कळलं की डाव्या पेडलला मी अर्धा तास घट्टच करत होते. म्हणून हे लिहितेय.

दुकानात जायच्या आधी एक गोष्ट बघा, जाम झालेल्या दोन वस्तू कुठल्या धातूच्या आहेत. चुंबक लावा. दोन्हीकडे चिकटला तर लोखंडात लोखंड, म्हणजे साधा गंज, तिथे तेल कामाचं. एकीकडे चिकटला आणि दुसरीकडे नाही तर बहुतेक लोखंडात अ‍ॅल्युमिनियम अडकलंय, तो वेगळा आजार आहे, त्याचं खाली सांगते.

आता तेल. तेल गंज विरघळवत नाही, ही समजूत पहिली काढून टाका. ते आट्यांमधल्या बारीक फटीतून आत शिरतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं ना तसंच, आणि गंजाचा भुगा ओला करून त्याची पकड ढिली करतं. म्हणून तेल पातळ पाहिजे, एकदम पातळ. ग्रीस नको, इंजिन ऑइल नुसतं नको, चेनचं तेलही नको, ती सगळी बाहेरच बसून राहतात. आणि खोबरेल तर अजिबात नको, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला खोबरेल लावायची सवय आहे पण ते २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं.

बाजारात पहिला हात जातो तो डब्ल्यूडी-४० च्या निळ्या-पिवळ्या डब्याकडे. वाईट नाहीये ते, पण ते मुळात पाणी हटवायला बनवलंय, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये सॅन डिएगोत बनलं आणि अ‍ॅटलास नावाच्या क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून वापरलं गेलं, म्हणजे मी ते अ‍ॅटलासवरच मारत होते, फक्त माझी उडणारी नव्हती. हलका गंज, थोडा अडकलेला नट, ब्रेकचा स्क्रू, एवढ्याला ते पुरतं. चार पावसाळे खाल्लेल्या वस्तूसाठी डब्यावर पेनिट्रेटिंग (म्हणजे आत शिरणारं) किंवा रस्ट रिलीज असं स्पष्ट लिहिलेलं घ्या, वुर्थचं रॉस्ट ऑफ आहे, डब्ल्यूडी-४० वाल्यांचंच स्पेशालिस्ट नावाचं पेनिट्रंट वेगळं येतं. सायकलच्या दुकानात नाही मिळालं तर गाड्यांच्या स्पेअर पार्टवाल्याकडे विचारा. छोटाच डबा घ्या आणि बारीक नळी असलेला घ्या, नळी नसेल तर अर्धं तेल अंगणात जातं.

पैसे घालवायचे नसतील तर नाक्यावरचे सायकलवाले काका वर्षानुवर्षं डिझेलवर काम चालवतात, पूर्वी रॉकेल असायचं. दोन्ही पातळ आहेत, आत शिरतात, फक्त वंगण म्हणून कमी पडतात, म्हणून डिझेलमध्ये थोडं पातळ तेल मिसळायचं आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. इंटरनेटवर अ‍ॅसिटोन आणि गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरमधल्या एटीएफ तेलाचं निम्मं-निम्मं मिश्रण लोक फार डोक्यावर घेतात. चालतं म्हणे, पण ही दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी हलवावं लागतं, वर अ‍ॅसिटोन रंग खातो आणि ठिणगीला भडकतो. जुन्या सायकलचा मूळ रंग आणि सोनेरी पट्टे जपायचे असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

खरं सांगू, चांगला आणि साधा डबा यातला फरक आहे, पण दहा मिनिटं आणि दोन रात्री यातला फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. संध्याकाळी तेल सोडा, हातोडीने हलके हलके टकटक करा (मारायचं नाही, दार वाजवल्यासारखं), त्या कंपनाने गंजाला बारीक चिरा जातात आणि तेल आत उतरतं. सकाळी परत तेल, परत टकटक. मग पाना, तोही रिंग पाना, ढिला उघडा पाना लावलात की कोपरे गेलेच. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला झटका द्या, मग सोडवायच्या.

आणि तेल सोडायचं कुठून हेही बघा. सीटच्या दांडीला सगळे वरून तेल घालतात, पण गंज खालच्या टोकापर्यंत असतो. सायकल उलटी करा, जमलं तर क्रँकचा एक्सल काढून त्या खालच्या नळीतून तेल सोडा, म्हणजे ते दांडीच्या खालच्या बाजूला जाऊन बसतं. माझी दांडी अशीच सुटली, तिसऱ्या दिवशी, सीट धरून डावी-उजवी पिळताना एकदम कर्र्र असा आवाज आला आणि लाल चहासारखं पाणी वर आलं. त्या आवाजाइतकं समाधान मला अलीकडे कशानेच मिळालेलं नाही.

कॉटर पिनेला दोन्ही टोकांनी तेल द्या. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी बरोबर येईल इतका ढिला ठेवा म्हणजे हातोडीने आटे चेपणार नाहीत, आणि क्रँकच्या खाली जाड लोखंडी पाइपचा टेकू लावा, नाहीतर सगळा मार बेअरिंगला बसतो. मग एकच घाव, पण मनापासून. दहा भित्रे घाव घातले की पीन वाकते.

पेडलचं लक्षात ठेवा, उजव्याचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. सोप्पं असं की पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडलं सुटतात. आणि क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्यावर किटलीभर उकळतं पाणी ओता, अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, भोक मोठं होतं आणि पेडल सुटतं.

हेच गणित उलटं कधी पडतं, तर लोखंडी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची दांडी असेल तेव्हा. पुण्याला माझ्या मेव्हण्याने घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) दोन वर्षं घाम गाळला, एकदाही दांडी काढली नाही, खारा घाम आत गेला आणि दोन धातूंच्या मध्ये पांढरं ऑक्साइड फुगून बसलं. हा पठ्ठ्या हेअर ड्रायर घेऊन बसला होता! तापवलं की आतली दांडी जास्त फुगते आणि अजून आवळते. इथे गारवा पाहिजे, पिशवीत बर्फ भरून दांडीला बांधा नाहीतर नट गार करणारा स्प्रे येतो तो मारा, लॉकटाइटचा फ्रीज अँड रिलीज म्हणून आहे. तेलही सोडत राहा, पण फक्त तेलाच्या भरवशावर राहू नका, आठवडा लागू शकतो. मग दांडी व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पकडून अख्खी फ्रेमच फिरवायची. फ्रेम किंवा दांडी कार्बन फायबरची असेल तर आग, हातोडी, व्हाइस काहीच नको, दुकानात न्या.

स्प्रे मारताना रिम, ब्रेकचे रबर आणि डिस्कवर फडकं टाका, डिस्कच्या पॅडने तेल प्यायलं तर पॅड गेलाच समजा. बेअरिंगमध्ये मुद्दाम मारू नका, आतलं ग्रीस धुऊन निघतं. आणि तेल मारलेल्या जागेजवळ गॅसची टॉर्च किंवा लायटर नाही, म्हणजे नाही.

सुटल्यावर ब्रशने गंज घासा, कोरडं पुसा, आट्यांना आणि दांडीला ग्रीस लावा, दोन धातू वेगळे असतील तर अँटी-सीझ (परत जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट). मी आता गणपतीत आणि होळीला गावी गेले की दांडी एकदा काढून पुसून परत बसवते. उंचीसाठी इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवलीय, बाबांच्याच उंचीला, मला जरा उंच पडते पण चालतं.