ऑसिलोस्कोपला प्रोब कोणता लावायचा?

ऑसिलोस्कोप (थोडक्यात स्कोप) सिग्नलचा आकार स्क्रीनवर दाखवतो, आणि प्रोब म्हणजे सर्किटला टेकवून तो सिग्नल स्कोपपर्यंत नेणारी केबल. प्रोब टेकवला की तो सर्किटचाच भाग होतो. म्हणून आधी बघायचं ते एवढंच: जिथे मोजायचंय, तिथे किती भार चालेल?

स्कोपसोबत मिळणाऱ्या पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प्लिफायर नसलेल्या, प्रोबवर बहुतेकदा १एक्स-१०एक्सचा स्विच असतो: १एक्सवर सिग्नल जसाच्या तसा जातो, १०एक्सवर दहापट लहान होऊन. तो एरवी १०एक्सवरच असू द्या. १एक्सवर केबल आणि स्कोप मिळून सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स सर्किटच्या गळ्यात पडतो, आणि बँडविड्थ (किती फ्रिक्वेन्सीपर्यंत सिग्नल नीट दिसतो ती मर्यादा) ६ ते १० मेगाहर्ट्झवर अडकते. १०एक्सवर ९ मेगाओहमचा रेझिस्टर मध्ये येतो. भार उरतो १० मेगाओहम आणि १०-१५ पिकोफॅरड. क्रिस्टलच्या पिनला १एक्स लावलात तर ऑसिलेटर बऱ्याचदा बंदच पडतो, आणि माणूस धडधाकट क्रिस्टल बदलत बसतो. १एक्सचं खरं काम म्हणजे पॉवर सप्लायचा दोन-चार मिलिव्होल्टचा रिपल, म्हणजे डीसीवरची बारीक लहर, बघणं. १०एक्सवर तो दहापट लहान होऊन स्कोपच्या नॉइजमध्ये बुडतो.

१० मेगाओहम हा आकडा मात्र डीसीपुरता. १०० मेगाहर्ट्झला १२ पिकोफॅरडचा अडथळा जेमतेम १३० ओहम भरतो. वेगवान लाइनवर १ पिकोफॅरडच्या आसपासचा ॲक्टिव्ह (आत ॲम्प्लिफायर असलेला) प्रोब लागतो तो यामुळेच. तो महाग आणि नाजूक असतो, जास्त व्होल्टेज सोसत नाही.

नवीन प्रोब घेताना त्याची कॉम्पेन्सेशन रेंज, म्हणजे स्कोपच्या किती इनपुट कपॅसिटन्सशी तो जुळवता येतो ते, बघायला विसरू नका. स्कोपच्या इनपुटवर २० पिकोफॅरड लिहिलं असेल, तर १० ते २५ रेंजचा प्रोब जुळेल. लावल्यावर स्कोपच्या १ किलोहर्ट्झ स्क्वेअर वेव्हला जोडून प्रोबवरचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवा: कोपरे गोल दिसले तर कॉम्पेन्सेशन कमी, टोकं वर निघाली तर जास्त. चॅनेल मेनूतही १०एक्स निवडा आणि इनपुट १ मेगाओहमवर ठेवा. ते ५० ओहमवर राहिलं तर स्क्रीनवर जवळपास काहीच दिसणार नाही.

प्रोबची बँडविड्थ स्कोपपेक्षा कमी नको. दोन्ही १०० मेगाहर्ट्झचे असतील, तर साध्या हिशेबाने मिळून ७०च राहते.

एवढं करूनही सिग्नलच्या कडांवर रिंगिंग (विरत जाणाऱ्या लहरी) दिसलं, तर सर्किटला दोष देण्याआधी ग्राउंडची वायर बघा. १५ सेंटिमीटर वायर म्हणजे अंदाजे १५० नॅनोहेन्री. १२ पिकोफॅरडबरोबर ती १२० मेगाहर्ट्झच्या आसपास वाजते. क्लिप काढा, प्रोबच्या टोकावरची टोपी काढा, टोकाजवळ ग्राउंड स्प्रिंग बसवून पुन्हा बघा.

मेन्सशी जोडलेल्या भागाला साधा प्रोब लावू नका. बहुतेक बेंच स्कोपमध्ये ग्राउंड क्लिप थेट अर्थला जोडलेली असते. ब्रिज रेक्टिफायरच्या मायनसला लावली की शॉर्ट. स्कोपची अर्थ पिन तोडणं हा त्यावरचा उपाय नाही, त्याने स्कोपची बॉडीच लाइव्ह होते. इथे योग्य रेटिंगचा हाय-व्होल्टेज डिफरन्शियल प्रोबच हवा, जो अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजतो. त्यावर छापलेलं कमाल व्होल्टेज कमी फ्रिक्वेन्सीपुरतं असतं. पुढे ते घसरत जातं, त्याचा ग्राफ मॅन्युअलमध्ये असतो.