झाड मान टाकतंय? पाणी घालायच्या आधी खोड दाबून बघा

पुण्यात पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो, डिफेनबेकिया नाहीतर अग्लोनिमा, म्हणजे घरात ठेवायची मोठ्या पानांची शोभेची झाडं, पानं लोंबलेली, आणि खाली प्रश्न की पाणी कमी पडतंय का, मग लगेच चार जण सांगतात रोज एक तांब्या घाला. अहो नका घालू! आधी कुंडीत बोट खुपसा. माती ओली असून पानं लोंबली असतील तर मुळं नाहीतर खोड कुजलंय आणि पाणी वर चढतच नाहीये.

आता खोड मातीत शिरतं तिथली माती जरा बाजूला सारा आणि अंगठ्याने दाबा. चांगलं खोड कडक लागतं, कुजलेलं पिकल्या केळ्यासारखं दबतं, साल सुटून येते, रंग तपकिरी-काळा. माझ्या अग्लोनिमाचं मागच्या जुलैत हेच झालं, मी आठवडाभर पिवळी पानं तोडत बसले, जुनी झाली असतील म्हणून, आणि एक दिवस जरा ओढलं तर अख्खं झाड हातात, खाली नुसता काळा चिखल.

हे कुजणं बहुतेक वेळा बुरशीमुळे, ती कुठली ते घरी नक्की कळत नाही, आणि खरं सांगू तर फारसं अडतही नाही. पण दोन खुणा लक्षात ठेवा. खोडाच्या बुडाशी कापसासारखे पांढरे धागे आणि त्यात मोहरीएवढे दाणे, आधी पांढरे मग तपकिरी, असं दिसलं तर ती स्क्लेरोशियम, तिचे दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून ती माती दुसऱ्या कुंडीत नको आणि सोसायटीच्या कंपोस्ट पिटात तर अजिबातच नको, पिशवीत बांधून टाका. आणि खोड पाणचट होऊन घाण वास मारत असेल तर बहुतेक बॅक्टेरिया, त्यावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही.

कुजलेलं खोड औषधाने परत कडक होत नाही, हे एकदा मान्य करा. कापायचंच. ब्लेड स्पिरिटने पुसा, सडक्या भागाच्या वर दोन-तीन इंचावर काप द्या आणि कापलेली बाजू बघा, मधे तपकिरी ठिपका किंवा कडी दिसली की ब्लेड परत पुसून अजून वर कापा, स्वच्छ पांढरं-हिरवं दिसेपर्यंत. डिफेनबेकियाला ग्लोव्हज घाला, ते अळूच्याच घराण्यातलं, चीक भयंकर खाजतो, मुलं आणि मांजर लांब ठेवा. जाड खोडाचा काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग नव्या मिश्रणात लावा. मनी प्लांटची फांदी सरळ पाण्यात ठेवली तरी चालते.

मिश्रण म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि पर्लाइट (पांढरे हलके खडे) किंवा जाड वाळू. नर्सरीच्या पिशवीतली चिकट लाल माती घरात वाळतच नाही, निम्मे घोळ तिथेच. कुंडी जुनी असेल तर साबणाने घासून कडक उन्हात ठेवा, पावसाळ्यात ऊन मिळेल तेव्हा म्हणा.

औषध हवंच असेल तर कृषी सेवा केंद्रात कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक मिळतं, लिटरभर पाण्याला अडीच-तीन ग्रॅम. कार्बेन्डाझिम हे दुसरं बुरशीनाशक, पण ओल्या मातीत मुळं कुजवणाऱ्या पिथियमवर ते नुसतं चालत नाही, लोक उगाच तेच ओतत बसतात. रोगाच्या बुरशीला मारणारं ट्रायकोडर्मा हे जैविक औषध चांगलं, पण ती स्वतःच बुरशी आहे, केमिकलबरोबर एकाच वेळी दिलं तर तीच मरेल, पंधरा दिवस जाऊ द्या.

बशीतलं पाणी ओतून टाका, आणि डक्टकडच्या खिडकीतली झाडं जरा सुटी सुटी मांडा, तिथे वारा नसतो.

कटिंग रोज उपटून मुळं आली का बघू नका (मी बघते). तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढा, अडलं तर धरलंय.